एका टेबलावर दोन फोन

सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या घरात ऐन दुपारी फोन वाजतो. नंबर ०८० पासून सुरू होणारा. ०८० म्हणजे बंगळुरू, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. पुन्हा कुणीतरी कर्ज गळ्यात मारायला निघालंय, असं म्हणत काकू कुरकुरत फोन उचलतात, तर पलीकडून आवाज येतो, "काकू, पार्सल हाय. शाळेपाशी थांबलोय, गल्ली कंची?" पोरगा खाली शंभर पावलांवर उभा असतो. त्याला काकूंचा नंबर दिसत नाही आणि काकूंना त्याचा दिसत नाही. दोघांच्या मध्ये एक तिसरा नंबर बसलाय. त्यानं दोन्हीकडे फोन लावले, मध्ये गाठ मारली आणि बोलणं कुणी, कधी, किती सेकंद केलं त्याची नोंद ऑर्डरच्या खात्यात टाकली. पार्सल पोहोचलं की गाठ सुटते.

त्या ०८० नंबराचं यंत्र कुठल्याही टेबलावर ठेवलेलं नाही. तो नंबर म्हणजे एक प्रोग्रॅम आहे. आवाज आणि माहिती यांची दोन जाळी एक झाली, असं जे तंत्रज्ञ म्हणतात ते इतकं साधं दिसतं. त्यांच्या बोलीत याला 'कन्व्हर्जन्स' म्हणतात. ही गोष्ट सहसा तंत्रज्ञानाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. बंगळुरूत मात्र ती तशी घडली नाही. आवाज आणि माहिती एकाच तारेतून नेण्याची अक्कल या शहराकडे बऱ्याच आधी आली होती. तसं करण्याची परवानगी मिळायला त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. मधल्या काळात इथल्या ऑफिसांमध्ये एकेका टेबलावर दोन-दोन फोन होते. त्या दोन फोनांची ही हकिगत आहे.

बंगळुरू हे मुळात टेलिफोनचं गाव. सॉफ्टवेअर नंतर आलं. १९४८ साली इथं इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. त्याच्याभोवती जी वसाहत झाली तिचं नावच दूरवाणीनगर. आपल्या लहानपणी बँकेत, पोस्टात, मामलेदार कचेरीत जो काळा, जड, चकतीचा फोन असायचा, तो बहुधा इथलाच. पण कारखाना गावात असून फोन मिळायचा नाही. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला आली. त्या काळात एक फोन मिळायला वर्ष लागायचं, हे नारायण मूर्तींनी कितीतरी भाषणांत सांगितलंय.

त्या काळ्या फोनचं काम कसं चालायचं ते पाहिल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. चकतीवर ७ फिरवला की तारेतून सात ठोके जायचे. एक्स्चेंजमधल्या स्ट्रोजर यंत्राची एक दांडी ते ठोके मोजत खटखट सात पायऱ्या चढायची. पुढचा आकडा, पुढची दांडी. शेवटच्या आकड्याला तुमच्या फोनपासून पलीकडच्या फोनपर्यंत एक अखंड वाट तयार व्हायची. तुम्ही बोला, गप्प बसा, दूध उतू जातंय म्हणून रिसीव्हर ठेवून स्वयंपाकघरात जा, ती वाट तुमच्याच नावावर राखून ठेवलेली. पुण्याला फोन असेल तर पुण्यापर्यंत. साहजिकच बिलाचा हिशेब ठरला: किती मिनिटं आणि किती लांब. मिनिट गुणिले अंतर. या गुणाकारावर जगातली सगळी टेलिफोन खाती शंभर वर्षं जगली.

यंत्राच्या पोटातला पहिला मोठा बदल आपल्या ओळखीच्या रस्त्यावर झाला. पुण्याहून बंगळुरूला गाडीनं जाताना बेळगाव सोडलं की धारवाडच्या अलीकडे कित्तूर लागतं, राणी चन्नम्मांचं. जुलै १९८६ मध्ये तिथं सी-डॉटचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं. सी-डॉट ही संस्था ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं उभी राहिली होती, दिल्ली आणि बंगळुरू अशा दोन ठिकाणी. परदेशी एक्स्चेंजना थंडगार एसी खोली लागायची. हे कपाटाएवढं, १२८ पोर्टचं यंत्र खेड्यातल्या धुळीत आणि उन्हाळ्यात एसीशिवाय चालावं म्हणून बांधलेलं होतं. त्यात खटखट करणारी दांडी नव्हती. आत सगळे आकडे.

आवाजाचे आकडे करायची रीत सोपी आहे. फोनवर माणसाच्या आवाजातलं जे ऐकू यायला हवं ते सेकंदाला सुमारे चार हजार कंपनांच्या आत बसतं. त्याच्या दुप्पट वेळा, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजली, तर त्या मापांवरून आवाज परत उभा करता येतो. प्रत्येक माप आठ बिटांत लिहायचं. ८,००० गुणिले आठ, झाले ६४,०००. एका बोलण्याला सेकंदाला ६४ हजार बिट. अशी तीस बोलणी, शिवाय ताल धरायला एक आणि निरोपानिरोपीला एक, असे बत्तीस कप्पे एका जाड वाहिनीत बसवतात. ऑफिसांत 'पीआरआय घेतली' म्हणतात ती हीच. दोन पीआरआय म्हणजे एका वेळी साठ कॉल.

तेव्हा कुणी थांबून विचार केला असता तर लक्षात आलं असतं की कित्तूरच्या त्या कपाटात आवाज आणि माहिती यांतला फरक संपलेला होता. बेळगावच्या मामाशी बोललेलं वाक्य काय आणि पगाराची यादी काय, तारेतून जाताना दोन्ही आकडेच. पण यंत्रं बदलली तरी हिशेब तोच राहिला.

या काळात माहिती ही आवाजाच्या घरातली बिऱ्हाडकरू होती. संगणकाला संगणकाशी बोलायचं असेल तर मॉडेम लागायचा, आणि मॉडेमचं काम काय, तर आकड्यांची शिट्टी करायची. टेलिफोनच्या तारेला वाटावं की कुणीतरी माणूसच किंचाळतोय. फॅक्सही त्याच जातीचा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते याच शिट्टीवरून, आणि ज्यांच्या घरी तेव्हा ते आलं त्यांना आठवत असेल, पोरगा नेटवर बसला की घरचा फोन एंगेज. घरमालकाच्या अंगणातून जाताना अंग चोरूनच जावं लागायचं.

ज्यांना हे परवडण्यासारखं नव्हतं त्यांनी आभाळाचा रस्ता धरला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये बंगळुरूत आली. मिलर्स रोडवरच्या इमारतीत त्यांचं ऑफिस होतं, आणि उपग्रहाशी बोलणारी स्वतःची तबकडी त्यांनी बसवली. त्या तबकडीचे भाग बैलगाडीवरून आणले, हा किस्सा बंगळुरूत इतक्यांदा सांगितला जातो की आता त्याचं जवळजवळ स्थलपुराण झालंय. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची संस्था आली. इलेक्ट्रॉनिक्स सिटीतल्या तिच्या तबकड्यांवरून लहान कंपन्यांनाही परदेशाशी जोडणी मिळू लागली. या जोडण्या विकल्या जायच्या ६४ किलोबिटांच्या मापानं. हा आकडा ओळखीचा वाटला ना? एका बोलण्याचा कप्पा. म्हणजे एखाद्या कंपनीचे शंभर माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम ज्या वाटेनं अमेरिकेला जायचे, तिची रुंदी दोघांच्या एका गप्पांएवढी होती. आवाजाच्या घरातली एक खोली भाड्यानं घेऊन या शहरानं आपला धंदा उभारला.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. पुढं काय झालं ते या म्हणीतच आहे.

माहिती न्यायची पद्धत वेगळी होती. तिथं कुणी कुणासाठी वाट अडवून ठेवत नाही. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालायचा, पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचा. ज्याला जसा रस्ता मिळेल तसं त्यानं जावं. पलीकडचा क्रमांक लावून घेईल. इंजिनिअर याला पॅकेटच म्हणतात. आता आवाजाचेही आकडेच आहेत, तर तेही पाकिटात का घालू नयेत? १९९५ पासून असे प्रयोग विकत मिळू लागले. २००० नंतर बंगळुरूत कॉल सेंटरांचं पेव फुटलं आणि ही युक्ती पोटापाण्याची झाली.

नेहमी करतात ते असं. वीस मिलिसेकंदांचा आवाज घ्यायचा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. 'क' उच्चारायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्याचे होतात १६० बाइट. त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ यांचं ४० बाइटचं पाकीट. पण अमेरिकेपर्यंतची वाहिनी महाग, म्हणून आवाज दाबून आठवा हिस्सा करायचे. मग आतला मजकूर उरायचा २० बाइट आणि पाकीट तेच ४० चं. चिठ्ठीपेक्षा पाकीट दुप्पट जड! तरीही परवडायचं, कारण माणूस बोलताना निम्म्याहून जास्त वेळ गप्प असतो, ऐकत असतो. गप्प असताना पाकिटं पाठवायचीच नाहीत.

इथं एक गंमत झाली. पाकिटं थांबली की ऐकणाऱ्याच्या कानात स्मशानशांतता पसरायची. जुन्या तारेत कुणी बोलत नसतानाही हलकी खरखर असायची, आणि त्या खरखरीवरून कानाला कळायचं की पलीकडे माणूस आहे. ती गेल्याबरोबर लोक दर चार वाक्यांनी "हॅलो? हॅलो? आहात ना?" करू लागले. शेवटी उपाय असा काढला की ऐकणाऱ्याच्या यंत्रानं स्वतःच थोडी खोटी खरखर करायची. तिला नाव दिलं 'कम्फर्ट नॉइज'. आवाज साफ करायला एवढी हुशारी खर्च केली आणि मग माणसाच्या समाधानासाठी त्यात कचरा मिसळला. मला या सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात आवडतो.

दुसरी अडचण उशिराची. फाइल दोन सेकंद उशिरा आली तर कुणाचं काही बिघडत नाही. आवाजाचं पाकीट एका बाजूला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं की बोलण्याची लय तुटायला लागते. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. तिथं जाऊन परत यायलाच पाव सेकंद. तुमचा प्रश्न जाणार आणि उत्तर येणार, त्यात अर्धा सेकंद गेला. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही, तुम्ही बोला" सुरू होतं. म्हणून आवाजाच्या धंद्याला समुद्राखालची केबल हवी. बंगळुरूला समुद्र नाही. मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या केबलपर्यंत जमिनीवरून जावं लागतं. २००२ मध्ये चेन्नईहून सिंगापूरला भारती आणि सिंगटेलची मोठी केबल गेली, तेव्हा त्या बाजूनं मोकळा रस्ता झाला.

आणि एकाच तारेत दोघं आले की भांडण आलंच. कुणीतरी एखादी अवजड फाइल पाठवायला घेतली की त्याच तारेतल्या बोलण्याचे तुकडे पडतात. सिल्क बोर्ड जंक्शनवर संध्याकाळी सात वाजता अडकलेली ॲम्ब्युलन्स डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की जाळ्यात ॲम्ब्युलन्सला वाट देता येते. आवाजाच्या पाकिटावर एक खूण करायची आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरला सांगून ठेवायचं की ही खूण दिसली की बाकीच्यांना थांबव. बंगळुरूतल्या कितीतरी इंजिनिअरांचं पोट या एका खुणेवर चाललं.

खर्च वाचला, हा त्यातला निम्माच फायदा. खरा फायदा दिसायचा तो कॉल सेंटरच्या खुर्चीत बसल्यावर. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं टोल-फ्री नंबर फिरवला की कॉल तिथंच पाकिटात शिरायचा आणि इथं पोहोचायचा. आणि हेडफोनमध्ये 'टुक्' वाजायच्या क्षणी समोरच्या पडद्यावर त्या माणसाचं खातं उघडायचं. नाव, मागची तक्रार, थकलेलं बिल. या उघडण्याला 'स्क्रीन पॉप' म्हणतात. आवाजाबरोबर माहिती आली होती, तीही एकाच पावली. पूर्वी "आपलं नाव काय, खाते क्रमांक सांगा" यातच जाणारा वेळ वाचला, आणि एका शिफ्टमध्ये पाच-दहा गिऱ्हाइकं वाढली. धंद्याला एकत्र जाळं हवं होतं ते यासाठी.

इथवर सगळं सुरळीत वाटतंय. आता दुसऱ्या फोनकडे येऊ.

साधारण २००६-०७ मधली गोष्ट असेल. आउटर रिंग रोडवरच्या एका ऑफिसात मी एका मित्राला भेटायला गेलो होतो. टेबलावर दोन फोन. एक चकचकीत, पडदा असलेला; दुसरा साधा, त्यावर लाल स्टिकर. चकचकीत फोनवरून पुणे, चेन्नई, अमेरिका, जिथं जिथं कंपनीचं ऑफिस आहे तिथं फुकट बोलता यायचं, पण गावातल्या डॉक्टरला फोन लावता यायचा नाही. लाल स्टिकरचा फोन बाहेरच्या जगासाठी. त्यावरून पुण्याच्या ऑफिसला बोलायचं तर एसटीडीचे पैसे. मी बसलो असतानाच त्याला एका गिऱ्हाइकाचा फोन आला, लाल फोनवर. प्रश्नाचं उत्तर पुण्यातल्या एका सहकाऱ्याकडे. मित्रानं चकचकीत फोनवरून पुणे लावलं, दोन्ही रिसीव्हर हातात घेतले, एकाचं ऐकायचं टोक दुसऱ्याच्या बोलायच्या टोकाला लावलं आणि ड्रॉवरमधून रबरबँड काढून दोन्ही घट्ट बांधले. गिऱ्हाईक आणि पुणेकर रबरबँडमधून दहा मिनिटं बोलले. आम्ही चहा प्यायला गेलो.

लाखो रुपयांची यंत्रं खाली सर्व्हर रूममध्ये होती, आणि त्या दोघांना जोडणं त्या यंत्रांना एका बटणाचं काम होतं. ते बटण दाबणं बेकायदेशीर होतं.

कारण तोच जुना गुणाकार. समजा, कंपनीची बंगळुरू ते पुणे स्वतःची भाड्याची लाइन आहे. बंगळुरूतल्या माणसानं तीवरून पुण्याच्या ऑफिसात जावं आणि तिथून लोकल कॉल करून पुण्यातल्या कुणाशीही बोलावं, तर टेलिफोन कंपनीचे एसटीडीचे पैसे बुडाले. याला 'टोल बायपास' म्हणतात, नाक्याला वळसा. भारतात याला मनाई होती. कंपनीच्या आपसातल्या बोलण्यापुरतं पाकिटातलं जाळं चालेल, पण त्याची आणि सार्वजनिक टेलिफोनची भेट होता कामा नये. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली तीही अशीच हात राखून: संगणकावरून संगणकाला बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनला बोला, भारतातल्या फोनला मात्र लावायचा नाही. कॉल सेंटरांना 'अदर सर्व्हिस प्रोव्हायडर' म्हणून नोंदणी करावी लागे, आणि देशातलं व परदेशातलं काम करणाऱ्यांची यंत्रं वेगळी ठेवावी लागत. या सगळ्याच्या मुळाशी होता १८८५ चा तार कायदा.

सिस्कोनं २००७ मध्ये आपला भलामोठा परिसर याच आउटर रिंग रोडवर उघडला. जगभरच्या ऑफिसांत आवाज आणि माहिती एकत्र नेणारी यंत्रं विकणारी ही कंपनी. तिला २००९ च्या सुमारास भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी आपल्या टेलिफोन-प्रणालीत एक खास सोय घालावी लागली, 'लॉजिकल पार्टिशनिंग'. यंत्र एकच, फोन एकच, पण आत एक न दिसणारी भिंत. प्रत्येक कॉलच्या दोन्ही टोकांचा गाव-पत्ता बघायचा आणि दोघांची भेट नियमात बसत नसेल तर कॉल तोडायचा. दोन भावांत वाटणी झाली की वाड्याच्या मधोमध पडवीत भिंत घालतात, तशी. तरी त्यानं टेबलावरचा दुसरा फोन गेला, एवढं खरं.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती, असं मला वाटत नाही. कित्तूरसारख्या गावात फोन देणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. महिन्याचं भाडं कमी आणि तार लांब. हा तोटा लांबच्या कॉलच्या कमाईतून भरून निघायचा. २००३ पासून तर त्यासाठी लांबच्या आणि परदेशी कॉलवर 'ॲक्सेस डेफिसिट चार्ज' नावाचा उघड आकारच होता. मोठ्या कंपन्यांनी नाक्याला वळसा घातला तर खेड्यातल्या फोनचे पैसे कुणी द्यायचे? शिवाय पोलिसांचा प्रश्न. परवानाधारक एक्स्चेंजमधून गेलेल्या कॉलची नोंद मिळते. कुणाच्या तरी खासगी जाळ्यातून गेलेल्याची मिळत नाही.

पण मग १ मार्च २००६ ला बीएसएनएलनं 'वन इंडिया' योजना आणली: देशात कुठंही मिनिटाला एक रुपया. अंतर हिशेबातून गेलं. २००८ मध्ये तो ॲक्सेस डेफिसिट चार्जही गेला. ज्या नाक्याला वळसा घालू नये म्हणून भिंत बांधली होती तो नाकाच उठला. भिंत त्यानंतर बारा-तेरा वर्षं उभी होती. सुरक्षेचं कारण खरं असेल, पण मला वाटतं, बरंचसं कारण एवढंच होतं की भिंत पाडण्याचा आदेश काढायला कुणाला सवड झाली नाही.

कंपन्यांनी रबरबँड लावला, सामान्य माणसानं मिस्ड कॉल काढला. एक रिंग द्यायची आणि कापायची. पोचलो, निघतोय, खाली ये, मला उलट फोन कर. अर्थ आधीच ठरलेला. यात आवाज शून्य आणि बिलही शून्य. नीट पाहिलं तर हा आवाजाच्या जाळ्यातून फुकट पाठवलेला माहितीचा तुकडाच होता. बंगळुरूतल्या झिपडायल या कंपनीनं २०१० पासून त्याचाच धंदा केला: जाहिरातीतल्या नंबराला मिस्ड कॉल द्या, कंपनी तुम्हाला संदेश पाठवील. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरनं ही कंपनी विकत घेतली. अमेरिकेतल्या इंजिनिअरांना मिस्ड कॉल ही काय भानगड आहे ते समजावताना कुणाची तरी पुरेवाट झाली असणार.

दोन्ही जाळी एक झाली की दुखणीही एक होतात. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, तारेतूनच यायची, ४८ व्होल्ट. गावाची लाइट गेली तरी फोन चालू. नव्या फोनला वीज ऑफिसातल्या स्विचमधून मिळते. यूपीएस बसला की फोनही बसला. बंगळुरूत रस्ता कायम खणलेला असतो. जेसीबीच्या दातात केबल आली की पूर्वी नेट जायचं आणि मग आपण फोन करून तक्रार करायचो. आता फोनही त्याच केबलमध्ये. ३० जानेवारी २००८ ला भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताची परदेशाकडे जाणारी निम्म्याच्या आसपास वाहतूक थांबली. बंगळुरूच्या कंपन्यांनी कॉल उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून फिरवले. काम बंद पडलं नाही, पण अटलांटिककाठच्या गिऱ्हाइकाचा आवाज उलट्या दिशेनं जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा करून यायला लागला.

भिंत पडली ती साथीत. १३ मार्च २०२० ला दूरसंचार खात्यानं कॉल सेंटरच्या माणसांना घरून काम करू देण्याच्या अटी तात्पुरत्या सैल केल्या. तोवर त्यासाठी अनामत रक्कम आणि खास खासगी जोडणी लागायची. ३० एप्रिलपर्यंतची ही सवलत पुढं वाढतच गेली. इथं राहणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींनी तो उन्हाळा सोलापूर-कोल्हापूरच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत हेडफोन लावून काढला. कुकरची शिट्टी झाली की घाईघाईनं म्यूट. जे करू दिलं तर आभाळ कोसळेल असं वीस वर्षं सांगितलं जात होतं, ते एका रात्रीत झालं आणि आभाळ जागेवर राहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीची अट गेली. २३ जून २०२१ च्या नियमांनी देशी आणि परदेशी हा भेदही पुसला.

योगायोग असा की त्याच जून महिन्यात बंगळुरू पोलिसांनी लष्करी गुप्तचरांच्या मदतीनं शहरातलं एक बेकायदा एक्स्चेंज पकडलं. ९६० सिम कार्डं होती तिथं. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल अशा 'सिम बॉक्स'मध्ये शिरतो आणि एखाद्या सिममधून साधा लोकल कॉल होऊन बाहेर पडतो. उचलणाऱ्याला गावातलाच नंबर दिसतो. दुबईहून बोलणारा शिवाजीनगरहून बोलतोय असं वाटतं. सरकारला ज्याची भीती होती ते हेच, आणि ते भिंत शाबूत असतानाच फोफावलं होतं.

तोवर बाहेरचं जग पुढं गेलं होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओकडे आवाजासाठी वेगळं जाळंच नव्हतं. खेड्यातल्या आजीचं बोलणंही पाकिटातूनच जाऊ लागलं. बंगळुरूत २०११ मध्ये निघालेल्या एक्झोटेलसारख्या कंपन्यांनी ऑफिसातलं एक्स्चेंजच उचलून इंटरनेटवर ठेवलं. दवाखाना असो, बँक असो, पार्सलवाला असो, नंबर भाड्यानं घ्यायचा. यंत्र घ्यायचं नाही. सांगलीच्या काकूंना दिसतो तो ०८० चा नंबर असाच भाड्याचा.

मागच्या वर्षी बंगळुरूच्या एसपी रोडवर गेलो होतो. बोळाबोळांतून जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाची दुकानं. एका दुकानाबाहेर ऑफिसांतून काढलेले पडदेवाले फोन विटांसारखे रचून ठेवले होते. कंपन्यांची माणसं आता लॅपटॉपवरच बोलतात. एक घेतला. दुकानदारानं आतून एक काळा, चकतीचा फोनही काढला, तळाला दूरवाणीनगरचा शिक्का. तोही घेतला. घरी आल्यावर काळा फोन शेजाऱ्यांच्या अजून शिल्लक असलेल्या लँडलाइनला लावून पाहिला. रिसीव्हर उचलला, डायल टोन आला. पडदेवाल्याला आधी अडॅप्टर शोधून आणावा लागला. मग त्याच्या खिडकीत दिवा लागला आणि 'रजिस्टरिंग' अशी अक्षरं आली. तो आपल्या जुन्या ऑफिसातला सर्व्हर शोधत होता. रात्री जेवून पाहिलं तेव्हाही शोधतच होता.